पंचवीस किलोमीटरचा टायर

हे लिहावं की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी चढले तीही परीक्षेची उत्तरं लिहायला शिकले. माणसावर लिहायला नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. पण आमच्या मामांवर कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना मामांची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, त्यांना लिहिता येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते: ठरवून दिलेलं माप न मानणारा असा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नाही.

मामा भवानीनगरला कारखान्यात फिटर. दिवसभर लोखंड सुतासुतानं जुळवायचे. घरी आले की मात्र त्यांचा मापावरचा विश्वास उडायचा. चपला ते पायापेक्षा दोन नंबर मोठ्या घेत. "पायाला बी वाटलं पायजे, की अजून वाढाया जागा हाय." त्यामुळे दारात आधी चपला पोचत, मग मामांचा "जयभीम" ऐकू येई, मग मामा. घराचं दार त्यांनी स्वतः बनवलं. ते चौकटीपेक्षा चार बोटं मोठं झालं, तेव्हा त्यांनी दाराला हात न लावता चौकट काढली आणि तिच्याबरोबर थोडी भिंतही. मामी म्हणाली, "दारच तासलं असतं तर?" मामा म्हणाले, "ल्हान केलेली वस्तू परत मोठी हुती का?" मामीनं भिंतीसाठी माती कालवायला घेतली. 

अशा माणसानं आपल्या फटफटीच्या पुढच्या चाकाला भलत्याच मापाचा टायर बसवला, याचं नवल कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या फाट्यावर एसटीडीचा पिवळा बूथ आला, त्या वर्षीची ही गोष्ट. मी बारावी झाले होते आणि मला बारामतीच्या कॉलेजात जायचं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, नाही म्हणाले नाहीत. भावकीसमोर एवढंच बोलले, "पंचवीस किलोमीटरच्या पुढं पोरगी रोज धाडायची न्हाय." आमच्या फाट्यापासून बारामती सत्तावीस. मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली.

रविवारी मामा आले. चहा बशीत ओतला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सत्तावीस कुणी मोजलं, दाजी?"

"सरकारनं. रस्त्याच्या दगडावर लिवलंय."

"तुमाला कुठं वाचता येतंय?"

"पोरीला येतंय की."

"ते दगड आदी मैलाचं हुतं. मैलाचं किलोमीटर करताना कारकून भागाकारात चुकला आसंल. पुढल्या रविवारी फटफटीवर मोजू. मीटर काय खोटं बोलत न्हाय."

मधल्या आठवड्यात मामा इंदापूरला गेले आणि एका पंक्चरवाल्याकडून, मोठ्या गाडीच्या मागच्या चाकाचा जाडजूड टायर आपल्या पुढच्या चाकावर चढवून आले. तो मडगार्डला घासत होता, म्हणून मडगार्ड काढून टाकलं. मामी म्हणाली, "चिखल तोंडावर येईल." मामा म्हणाले, "तोंड धुता येतं."

ठरल्याप्रमाणे रविवारी तात्या मागे बसले. मीटरवरचा आकडा मी वहीत लिहून घेतला. रस्त्यात पाटाचं पाणी आलेलं होतं. दुपारी दोघं परत आले तेव्हा आवाजावरूनच कोण मामा आणि कोण तात्या हे ओळखावं लागलं. बारामतीत पोचताच मामांनी तिथला आकडा कागदावर उतरवून आणला होता. मी वजाबाकी केली. पंचवीसला थोडं कमीच. तात्यांनी मिशीतला चिखल काढला, मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग धाडाया पायजे."

मी एसटीनं तीन वर्षं कॉलेजला गेले. तीन वर्षं मामांनी तो टायर काढला नाही. हँडल इतकं जड झालं होतं की वळण आलं की मामांचं अख्खं अंग वळायचं. कामावर ते चिखलानं असे माखून पोचायचे, की पहारेकरी आधी फटफटी ओळखायचा. कुणी विचारलं तर दर वेळी नवं कारण. कधी उसाच्या वाटेवर चाक रुतत नाही, कधी कंबरेला आराम पडतो. एकदा तर म्हणाले, "कुत्री भ्यात्यात." मी सगळी कारणं खरी मानली. दुसऱ्या वर्षी इंदापूरला तोच पंक्चरवाला भेटला. तो सहज बोलून गेला, "तुमचं मामा इचारत हुतं, मीटर दोन किलोमीटर मागं ऱ्हायला टायर केवडा लागंल? म्या सांगितलं, मीटर पुढच्या चाकाचं फेरं मोजतंय, चाक जेवडं मोटं तेवडं फेरं कमी." मी घरी कुणाला काही बोलले नाही. मामांनाही नाही. तात्या पुन्हा कधी मागे बसले असते आणि मीटर बघितलं असतं, म्हणूनच तो टायर तिथे होता, हे मला एसटीच्या खिडकीत बसल्यावर कळलं.

आता मी पुण्याला एम.ए. करते. गेल्या आठवड्यात मामीनं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं. मामांचा खांदा धरतो म्हणून फटफटी विकली. डाळजच्या एका माणसानं नेली. विकण्याआधी मामा जुन्या मापाचा टायर परत चढवत होते, आणि तात्या शेजारी बसून बघत होते. बघता बघता म्हणाले, "पाव्हणं, त्या दिशी मागं बसून म्या दगडं मोजली हुती. वाचता येत न्हाय, पर मोजता येतंय. सत्तावीस भरली."

मामांच्या हातातला पाना थांबला. "मग तवाच का बोलला न्हाय?"

"भावकीला सांगाया मला पंचवीसच पायजे हुतं की."

 तो मोठा टायर मामांनी विकला नाही, दारामागे भिंतीला टांगून ठेवलाय. त्यामुळे दार आता पुरतं उघडत नाही.