खिडकीजवळची कॉट

भाचीला मुलींच्या वसतिगृहात सोडायला गेलो होतो. जी आधी येईल तिने आपली कॉट निवडायची, अशी तिथली पद्धत. शेजारच्या खोलीत एक वडील लगबगीने शिरले आणि एसटीच्या सीटवर टाकावा तसा त्यांनी खिडकीजवळच्या कॉटवर रुमाल टाकला.

“बाबा, अजून कुणीच आलेलं नाहीये,” मुलगी ओशाळून म्हणाली.

“असू दे. इथे वारा येतो.”

मला हसू आलं. एसटीत जागा धरणारा निदान स्वतःही शेजारी टेकतो. इथे मात्र जागा धरून यांना उतरून जायचं होतं.

निघताना फाटकापाशी त्यांनी खिसा चाचपला.

“रुमाल आणू का वरून?” मुलीने विचारलं.

शर्टाच्या बाहीने तोंड पुसत ते म्हणाले, “राहू दे. जागा जाईल.”