समईचं तेल आणि कोरडे तळवे

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, म्हणून आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. त्या सकाळी नेमकं काय घडलं ते मला अजून उमगलेलं नाही, लिहिताना उमगलं तर बघावं.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, शेंद्र्याच्या एका कारखान्यात माल उतरवताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालवायलाच हवं, पण पुन्हा पडले तर उठणं अवघड आहे. तेव्हापासून माझं डोकं चालेना. चालवायची भीती आणि निजवून ठेवायचीही भीती. आमच्या गावाहून, पिशोरहून येताना मी आमच्या देवीच्या समईतलं तेल बाटलीत आणलं होतं. आमच्याकडे दुखऱ्या जागी ते लावतात. खुब्यावर पट्टी होती, म्हणून ज्या पायांनी चालायचं त्यांचेच तळवे मी तेलानं चोळले आणि देवीचं नाव घेत बसले.

सिस्टर वॉकर घेऊन आली. तिनं पांघरूण सारून तळव्यांना हात लावला.

"मावशी, काकांच्या पायांवर भजी तळायची का? फरशीला टेकले की घसरतील. पुसा आधी."

माझा हात उचलेना. पुसलं तर देवी कोपेल, नाही पुसलं तर हे पडतील. चार माणसांत मला बोलता येत नाही. "देवीचं हाय," एवढंच पुटपुटले आणि डोळे भरून आले.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांजवळ बुरख्यातली एक बाई बसलेली असायची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. ती उठून आली. "अगं बाई, देवाची चीज पायाला लावतेस व्हय? डोईला लाव की." तिनंच बाटलीतला थेंब माझ्या बोटावर घेतला आणि माझं बोट मालकांच्या कपाळाला टेकवलं. मग टॉवेल माझ्या हातात दिला. मी तळवे पुसून कोरडे केले.

सिस्टरनं खाटेच्या चाकांचा ब्रेक बघितला, सांडलेलं पाणी पुसून घेतलं, मालकांच्या पायात रबरी तळाच्या चपला घातल्या. पाय खाली सोडून थोडा वेळ बसवलं. "गरगरतंय का काका?"

"नाय."

तिनं त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, त्याला धरून उभं केलं, आणि मालकांचा चेहरा पांढरा पडला. ते झुकले. पण पाय जागचे हलले नाहीत. सिस्टरनं पट्ट्यानंच सावरून त्यांना मागं खाटेवर बसवलं.

"गरगरतंय तर सांगायचं ना!"

"लई माणसं बघत होती," मालक ओशाळून म्हणाले. खाला तोंडावर हात धरून हसली.

दम खाऊन ते पुन्हा उठले. सिस्टर म्हणाली, "वॉकरवर हात नुसते ठेवू नका, भार टाका. भिऊन अर्धा टाकला की तो सरकतो." त्यांनी भार टाकला आणि दारापर्यंत जाऊन आले.

दुपारी मी चहा घेऊन आले तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. बाबांना घरी सोडलं होतं. खालाचं खरं नाव मी विचारलंच नव्हतं.

मालकांचे पाय कशानं टिकले? पुसल्यामुळं, की कपाळावरच्या थेंबामुळं? देवी खालाच्या तोंडून बोलली, की सिस्टरच्या हातात होती? मला ठरवता येत नाही. एवढं मात्र कळलं, की मी देवीवर अर्धाच भार टाकला होता. अर्धा त्या बाटलीवर होता, म्हणून मी इतकी सरकत होते.

आता मालक काठीविना चालतात. रोज सकाळी मी समईतला एक थेंब त्यांच्या कपाळाला लावते. मग खाली बसून त्यांचे तळवे कोरडे पुसते, आणि पुसतानाही देवीचंच नाव घेते.