बिनदाताचं जनावर

सत्यभामामामी रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी आपल्या वहाणा ओट्यावर आपटायची, उलट्या करून आत बघायची आणि पुन्हा भिंतीकडेला ठेवून द्यायची. घालायची नाही. माळावर झोपणाऱ्या माणसाला विंचवाची धास्ती असते. युसूफ वडगाव या गावातल्या फरशीच्या घरात विंचू कुठून येणार? पण तिचे हात ऐकत नव्हते.

मामी लग्न होऊन आली ती थेट मेंढरांमागे. दिवाळी झाली की सुग्रीवमामा कळप घेऊन निघायचे, मांजरसुंब्याचा घाट उतरून गोदाकाठाकडे, आणि मिरगाचा पाऊस तोंडावर आला की परतायचे. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायचे. संध्याकाळी त्यांच्याभोवती वाघूर, म्हणजे दोरीचं जाळं, उभं करायचं काम मामीचं. पावसाळ्यात मात्र ती गावातल्या घरी असायची. घरात तिला कुणी काही कमी केलं नाही, तरी एसटीची वाट बघत थांब्यावर बसलेल्या बाईसारखी ती त्या घरात बसलेली असायची.

मागच्या दिवाळीत हरिओमने, म्हणजे तिच्या मुलाने, मामांकडून कबूल करून घेतलं की ही शेवटची फेरी. मामांचे गुडघे गेले होते. उन्हाळ्यानंतर कळप विकायचा होता. मामीनं आपलं गाठोडं मात्र इतक्या लवकर बांधून ठेवलं की नेसायला लुगडं हवं म्हणून ते पुन्हा सोडावं लागलं.

घरात भुरी नावाची म्हातारी मांजर होती. दर वर्षी घराला कुलूप लागायचं तेव्हा भुरीची चिंता नसायची. मागच्या खोलीत ज्वारीची कोठी होती, कोठीमागे उंदीर होते, तिचं तिला पुरत होतं. पण त्या दिवाळीआधी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. वाटीजवळ यायची, वास घ्यायची आणि कण्हून मागे सरायची. सून रोहिणी सणाला आलेली होती, आणि मी, मामांची भाची, सुट्टीपुरती तिथं होते. रोहिणीनं भुरीला टोपलीत घालून लातूरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मामीही गेली. दात किडलेत, काढावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मामीनं मान डोलावली. तिला वाटलं, एखादा असेल. भूल उतरल्यावर भुरीला परत दिलं तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

मेंढक्याच्या घरात जनावराची पारख दातांवरून होते. ओठ वर करून बघायचं: दोन दाती, चार दाती, आणि शेवटी बोळकी. बोळक्या मेंढीला चरता येत नाही, ती चालीत मागे पडते, म्हणून निघण्याआधी तिला नेकनूरच्या बाजारात नेऊन कसायाला विकतात. ते कुणाला क्रूर वाटत नाही. रिवाज आहे.

मामा भुरीकडे बघत म्हणाले, “जलमभर बोळकं जनावर दारात ठिवलं न्हाई. आन हिनं लातूरला जाऊन बोळकं करून आनलं.”

“तुमच्या तोंडात किती राह्यलेत?” मामी म्हणाली. “तुमाला नेलं का कुनी नेकनूरला?”

मामा हसले, पण पुढं बोलले ते खरंच होतं. “ही आता उंदीर कशानं धरनार? घराला कुलूप लावल्यावर हिला कोन चारनार?”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की जखमा भरल्या की मऊ खाणं ती आपलं आपण खाईल. तोवर बंद खोलीत ठेवायचं. औषध बिनसुईच्या पिचकारीनं, गालाच्या कडेनं, थेंब थेंब द्यायचं, मान वर करायची नाही. रोहिणीनं हे मामीला नीट सांगितलं आणि ती मांजरसुंब्याला आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी मामीनं भुरीला गुडघ्यांत धरलं, हनुवटी वर केली आणि औषध वरून ओतलं. मेंढीला असंच पाजतात. तिनं आयुष्यभर असंच पाजलेलं.

भुरीला ठसका लागला. नाकातोंडातून फेस आला, डोळे पांढरे झाले. मामीनं सोडताच ती कोठीमागे गेली आणि तिथून बाहेर येईना. मामीच्या पावलाचा आवाज आला की आणखी आत सरकायची. दूध नाही, पाणी नाही. मी डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, मांजर उपाशी राहिली तर तिचं यकृत लवकर निकामी होतं, काहीही करा पण पोटात जाऊ द्या.

कळप ठरल्या दिवशीच निघाला. मामा जाताना म्हणाले, “लिंबागणेशला मुक्काम हाय. गावातल्या बंकटचा टेम्पो सामान घिऊन येनार हाय. त्यात बसून ये.”

म्हणजे टेम्पो यायच्या आत भुरीनं खाल्लं पाहिजे होतं.

मामी त्या खोलीत जाऊन बसली. दार लावलेलं, खिडकीला फळकूट. भुरीकडे पाठ करून ती एका हातानं लोकरीतले काटे वेचत राहायची आणि दुसरा हात मागे जमिनीवर ठेवायची. बोटांना उकडून पाट्यावर वाटलेली कोंबडी लावलेली. आई मेलेल्या कोकराला बोटानं चाटवतात, तसं. मी चहा घेऊन गेले की दार कपबशीएवढंच उघडायचं.

“मामी, जरा बाहेर येऊन बस की.”

“मी उठले की ती आत सरकती. बसू दे.”

“जीव घाबरत नाही का इथं?”

“मेंढी वाघुरीत रात काढती. तिला कुनी इच्यारतं का?”

मामांचा फोन यायचा. मामी तो स्पीकरवर ठेवायची, कारण एक हात मागे असायचा.

“कावून बसलीस तिथं? मांजर हाय का सासू हाय?”

“सासू बरी हुती, अवं. सासूला दात हुते.”

“मेंढ्या तुजी वाट बघायल्यात.”

मामांच्या मागे वारा आणि मेंढ्यांचा आवाज ऐकू येत होता. मामांनी फोन ठेवल्यावर तिनं तो उचलला आणि कानाशी धरून बसली.

शेवटी भुरी आली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. आधी नुसतं नाक, मग मिशा. मामीचा हात हलला नाही. भुरीनं बोट चाटलं, थांबली, पुन्हा चाटलं. मामीची पाठ माझ्याकडे नव्हती, चेहरा होता, आणि तो चेहरा खुलला होता. गाठोडं तिच्या शेजारीच होतं. तिनं मोकळ्या हातानं ते जरा जवळ ओढलं.

त्यानंतर भुरी रोज खाऊ लागली. पण बोटावरचंच. वाटीत ठेवलेलं हुंगायची आणि मामीच्या हाताकडे बघत बसायची. जखमा भरल्या, लाळ थांबली, तरी तेच. शेजारच्या विमलबाई रोज येऊन चारायला तयार होत्या. त्यांनी बोट पुढे केलं तर भुरी फिस्कारली.

“माज्याकडं अशी बघायली,” विमलबाई म्हणाल्या, “जसं दात मीच काडलेत.”

रोहिणी फोनवर म्हणाली, माझ्याकडे आणा. पण तिच्या खोलीचं दार थेट हायवेवर उघडतं, आणि तिच्या बोटाला भुरी थोडीच तोंड लावणार होती? कळपासोबत न्यावं तर मेंढरांची कुत्री तिला पहिल्या दिवशीच फाडतील. प्रत्येक वाट मामीनं आपल्या मनाशी आधीच चालून पाहिलेली असायची. मी एखादी सुचवली की ती नुसती मान हलवायची.

टेम्पो सकाळी आला. बंकटनं हॉर्न वाजवला. मागे पेंड, मीठ, ज्वारीची पोती. मामी न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन तयार होती. तिनं गाठोडं बंकटशेजारच्या सीटवर ठेवलं आणि म्हणाली, “विमलबाई, एकदा बघा बरं.”

विमलबाई वाटी घेऊन आत गेल्या. मामी टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली. बंकटनं इंजिन बंद केलं. आतून विमलबाईंचा लाडीगोडीचा आवाज येत होता, बराच वेळ, मग तोही थांबला. त्या वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटी होती तशी भरलेली.

मामीनं पाय खाली घेतला. सीटवरचं गाठोडं काढून तिनं ते माझ्या हातात दिलं. ते हलकं होतं.

“काकी,” बंकट म्हणाला, “मी काई परत येनार न्हाई बरं. कळप म्होरं जाईल.”

“ठावं हाय.”

“मग काकाला काय सांगू?”

मामीनं रिकाम्या सीटवरची धूळ पदरानं पुसली.

“काय सांगतूस, बघतीलच ते. माज्या जागी मिठाचं पोतं ठिव. मागं दहिवरानं भिजतंय.”