तेओफिलची जागा

आम्हा मेखेलेनच्या लोकांना आसपासची गावं 'चंद्र विझवणारे' म्हणून चिडवतात. फार जुनी गोष्ट. कुणी एक जण बिअर ढोसून घरी निघाला होता, त्याला चर्चच्या मनोऱ्यावर लाल उजेड दिसला. आग, आग! सगळं गाव उठलं, पायऱ्यांवर बादल्यांची रांग लागली, आणि पहिली बादली ओतणार तेवढ्यात चंद्र ढगाआड गेला. आग विझली! लोक हसतात, हसोत. आपल्या मनोऱ्यासाठी झोपेतून उठणारं गाव वाईट असेल का?

मी तसा नदीपलीकडच्या खेड्यातला. सिस्टरांच्या शाळेत चार यत्ता झाल्या, मग थेट सुतारकाम. माझ्या मागोमाग माझी धाकटी बहीण लिओन्टीन शहरात आली. मनोऱ्याच्या पायथ्याशी शनिवारच्या बाजारात ती कोंबड्या आणि अंडी विकते. तिची गोष्ट सांगायची म्हणजे मनोऱ्याची सांगावी लागते, कारण तिचं लग्नच मुळी मनोऱ्याने जुळवलं.

साडेनऊ, साडेदहा, प्रत्येक साडेला आमचा मनोरा एक जुनी धून वाजवतो. माणूस वाजवत नाही. वर घोडागाडीएवढं पितळी पिंप फिरतं, त्यावर खुंट्या बसवलेल्या असतात. खुंटी तार ओढते, तार हातोडा उचलते, हातोडा घंटेवर पडतो. आमच्या लहानपणीच त्यातली एक खुंटी आत मोडली आणि बुडखा तसाच अडकून राहिला. तेव्हापासून धुनेच्या मध्यावर एक सूर गायब. दात पडलेल्या म्हातारीने गाणं म्हणावं, तसं. त्या खुंट्या काढून-बसवून धुना लावणारा जुना घंटावादक आळशी. दर दोन वर्षांनी ईस्टरच्या आधी बाकीच्या धुना बदलायचा, हिच्या वाटेला जायचा नाही.

आणि त्या फटीत शिट्टी घालायचा तेओफिल. कालव्यावरचा पूल उचलणारा गडी. नाव पुलाखाली असो की घास तोंडात, धून त्या जागी आली की तो गेलेला सूर बरोब्बर शिट्टीने भरणार. लिओन्टीन पहिल्यांदा बाजारात बसली त्या दिवशी तो नेमका तिच्या मागे उभा होता. शिट्टी ऐकताच हिने वळून अंडंच फेकून मारलं.

"मला बघून शिट्टी मारतोस?"

"तुला नाही गं बाई, मनोऱ्याला मारली."

"मनोरा काय तुझी मेहुणी लागतो?"

पुढच्या शनिवारी तो त्या अंड्याचे पैसे द्यायला आला म्हणे. अंडं फेकलं हिने, पैसे देतोय तो! मी तेव्हाच आईला म्हटलं, हे प्रकरण गेलं हाताबाहेर.

जन्मभर तो तिला दर साडेला ऐकू यायचा. पुलावरून, न्हाव्याकडून, गुत्त्यातून. "तुझा नवरा कुठाय?" कुणी विचारलं की ती म्हणायची, "साडे होऊ दे, सांगते."

गेल्या पानगळीत तेओफिल गेला. त्यानंतरही धून वाजली की लिओन्टीनचा हात थांबायचा. ती फट यायची, ही मान वर करून त्या फटीपुरती ऐकत राहायची, आणि धून पुढे सरकली की पुन्हा अंडी उचलायची. समोरचा मासेवाला बोनिफास तसा जिभेने तिखट. "लिओन्टीन, अंडी विकतेस की उबवतेस?" पण तोही त्या वेळी सुरी खाली ठेवायचा, हे मी पाहिलंय.

मग ईस्टरच्या आधी बोनिफासनेच बातमी आणली. जुना घंटावादक घरी बसला, ओडिलॉन नावाचा नवा आलाय, आणि तो सगळ्या धुना बदलणार.

"साडेची पण?" लिओन्टीनने विचारलं.

"ती सगळ्यात आधी. फाटकीच आहे ना ती."

ती ठेला तसाच टाकून माझ्या दारात. "दादा, मला वर ने."

वर! अहो, मनोऱ्याखाली आयुष्य गेलं, पण वर कोण गेलंय? वर पाहुणे जातात. तिने अंड्यांची टोपली घेतली, मी माझे गुडघे घेतले, आणि निघालो. दगडी जिना असा गरगर वळतो की आपण चढतोय की उतरतोय तेच कळेना. दोर धरून चढायचं. मध्येच तिने वरून हाक मारली.

"दादा, बसलास का?"

"बसलो नाही. गुडघे काय म्हणतात ते ऐकतोय."

मोठ्या घंटेजवळ ती थांबली. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा तिने घंटेवर हात ठेवला आणि म्हणाली, "इतकी वर्षं आपण एकमेकींना नुसतं आवाजावरून ओळखतो, नाही?"

ओडिलॉन बाह्या सारून पिंपापाशी बसला होता, हातात पाना. मऊ स्वभावाचा माणूस. लिओन्टीनने टोपली पुढे केली. "साहेब, साडेची धून तेवढी ठेवा. माझ्या मालकांना फार आवडायची." एवढंच. शिट्टीचं बोलायला ती लाजली, आणि मीही, एरवी ज्याचं तोंड बंद होत नाही तो, तिचं बघून गप्प राहिलो.

त्याने पिंपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "ठेवली, मावशी. तुमच्यासाठी ठेवली."

उतरताना ती एखाद्या पोरीसारखी उतरली.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे घंटा रोमला गेल्या. म्हणजे आम्ही मुलांना तसं सांगतो. घंटा उडून रोमला जातात आणि ईस्टरला येताना बागेत अंडी टाकतात. ("रोमला माझंच खुराडं असणार," लिओन्टीन म्हणायची.) तोवर मनोरा मुका. ते दिवस तिने कसेबसे ढकलले.

ईस्टरची प्रार्थना आटोपून सगळं गाव चौकात उभं. लिओन्टीनने निळा रुमाल बांधलेला. साडेअकरा झाले, धून सुरू झाली, तीच, तिचीच! ती माझा दंड धरून उभी. धून मध्यावर आली, आणि त्या जागी ठण्णकन सूर पडला. स्वच्छ, पितळी, अख्खा.

"दात बसवला रे म्हातारीला!" कुणीतरी ओरडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या दंडावरचा हात सुटला.

ओडिलॉन तिचं तोंड बघायला मुद्दाम खाली आला होता. "मावशी, खास तुमच्यासाठी! तो मोडका बुडखा काढायला अख्खा दिवस लागला."

"छान झालीये," ती म्हणाली. "देव तुमचं भलं करो." आणि घरी गेली. त्या दिवसापासून साडे जवळ आली की ती खिडकी लावून घ्यायला लागली.

मला ते बघवेना. गुडघ्यांना न विचारता मी पुन्हा वर गेलो आणि ओडिलॉनला अंड्यापासून सगळं सांगितलं. मी सांगायला लागलो की लोक घड्याळं बघतात. हा बघत नव्हता. संपल्यावर म्हणाला, "म्हणजे त्यांना मीच बाहेर काढलं."

"कुणाला?"

"तुमच्या मेव्हण्यांना." आणि त्याने पाना उचलला.

त्या शनिवारी मी लिओन्टीनला काही बोललो नाही. ठेल्यामागे पेटीवर नुसता बसून राहिलो. बाजारात काही खिडकी नसते लावून घ्यायला. साडेनऊची धून सुरू झाली तशी तिने मान खाली घातली आणि भराभरा अंडी मांडायला लागली.

फट आली. रिकामी.

तिचा हात अंड्यासकट हवेत राहिला. तिने वर पाहिलं. मग ओठांचा चंबू केला. लिओन्टीनने! पोरीने शिट्टी मारली तर माउली मरियम रडते, असं सिस्टरांनी आम्हाला शिकवलेलं. तिने जन्मात कधी शिट्टी मारली नव्हती. फुंकर मारली, नुसतीच हवा निघाली. धून पुढे निघून गेली.

बोनिफासने सुरी उचलली. "काय गं, उबवतेस का?"

"थांब रे," ती म्हणाली. तिने ओठ ओले केले. "साडेदहाला फट परत येतेय ना."