बिळातला बेडूक

माझ्या नवऱ्याने लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत घरात साधा चहासुद्धा कधी केला नव्हता. आणि हा माणूस पोटासाठी करतो काय, तर स्वयंपाक. बहरीनमध्ये अमवाजला इंग्रजांचा एक क्लब आहे, तिथे ते मुख्य कुक. सकाळी क्लबची व्हॅन सनाबिसला आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे इथल्या किराणा दुकानासमोर, थांबायची. हे इस्त्रीचा पांढरा कोट हातावर टाकून निघायचे आणि संध्याकाळी परत आले की सोफ्यावर बसून विचारायचे, "गो, जेवूक काय हा?" मी म्हणायची, दिवसभर दुनियेला वाढून आलात, आता आम्हाला दोन भाकऱ्या थापून दाखवा. आधी मनात म्हणायची, मग मोठ्याने. फरक शून्य.

खरं सांगायचं तर त्यांच्या कामाबद्दल मला फारसं कौतुकही नव्हतं. इंग्रजांचं जेवण म्हणजे उकडलेला बटाटा, उकडलेला मटार आणि वर मीठ-मिरी, एवढीच माझी माहिती. मी सावंतवाडीकडची. बिडाच्या तव्यावर घावन घालावं तर आमच्याकडच्या बायकांनी, आंबोळीचं पीठ ओळखावं तर आम्ही. हे गोऱ्यांसाठी जे काही करतात ते कुणालाही जमेल असं मी खुशाल धरून चालले होते.

गेल्या उन्हाळ्यात क्लबची मॅनेजर बदलली. नव्या मॅडमने किचनमधले जुने गॅसचे ओव्हन काढून टाकले आणि त्या जागी चार मोठे एअर फ्रायर आणून ठेवले. त्या क्लबात दर बुधवारी दुपारी एक ठरलेला पदार्थ असतो, टोड इन द होल. म्हणजे बिळातला बेडूक. त्यात बेडूक नसतो, घाबरू नका. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत किंवा तेलात ओततात, त्यात भाजलेले सॉसेज असतात, आणि ते पीठ चहूबाजूंनी फुगून वर येतं. म्हातारे मेंबर खास तेवढ्यासाठी येतात. ह्यांचं काँट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. मॅडमने स्वच्छ सांगितलं की पुढच्या बुधवारी हा पदार्थ नव्या मशीनमध्ये नीट झाला तर व्हिसा रिन्यू करते, नाहीतर ह्या मशीनवर काम केलेला दुसरा माणूस बघते.

आमची मुलगी बारावीत होती. व्हिसा गेला असता तर तिला बोर्डाच्या तोंडावर शाळा सोडून गावी जावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी हे सोफ्यावर बसलेच नाहीत. बूट काढले आणि सरळ माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले. तिथे माझा छोटा एअर फ्रायर होता, ज्यात मी बांगडे आणि सुरणाचे काप करते. त्याच्याकडे पाहत ते म्हणाले, "गो, ह्या चालता कसा?"

चोवीस वर्षांत त्यांनी मला स्वयंपाकातलं काही विचारण्याची ती पहिली वेळ. माझी मान ताठ झाली हे कबूल करते.

मी म्हटलं, "ह्येचो वारो वरसून मारता. वरचा आधी करपता, खालचा मागे रवता. तुमच्या ओव्हनासारखा नाय."

"म्हणजे आग खालसून नाय?"

"आग नायच. नुसतो गरम वारो."

त्यांनी वाकून मशीनचं बूड हाताने चाचपून पाहिलं. आयुष्यभर आगीशी काम केलेल्या माणसाला आग नाही हे सांगणं मला उगाच जड गेलं.

शुक्रवारी सुट्टी होती. खालच्या कोल्ड स्टोअरमधून चिकन सॉसेज आणले. ह्यांनी भांड्यात अंडी फोडली, आणि मी हातातलं काम सोडून बघतच राहिले. एका हाताने अंडं फोडायचे, कवच बाजूला पडायचं आणि दुसरं अंडं हातात आलेलं असायचं. मैद्यात खळगा केला, अंडी ओतली, दूध धार धरून घातलं. घोटताना हाताला घाई नाही, भांड्याचा आवाज नाही. एक गुठळी नाही राहिली. मी घावनाचं पीठ कालवते तेव्हा अर्धा ओटा पांढरा होतो.

"सोडो खंय हा?" मी विचारलं.

"नाय लागत."

"मग फुगतला कसा?"

"तापलेला त्याल फुगवता. आनी अंडी." एवढं सांगून त्यांनी पीठ झाकून ठेवलं. मी डोक्यावर हात मारला. न आंबवता, सोडा न घालता पीठ फुगतं म्हणे. आमच्याकडे असं कुणी म्हणालं असतं तर बायका हसून हसून पडल्या असत्या.

पहिला प्रयत्न वरून काळा आणि आतून कच्चा झाला. दुसऱ्या वेळी फुगत असताना मलाच राहवेना म्हणून ड्रॉवर ओढून पाहिला. घावनावरचं झाकण काढून बघायची सवय, दुसरं काय. पीठ माझ्या डोळ्यांदेखत बसलं. हे ओरडले नाहीत, बसलेलं पीठ खरवडून टाकलं आणि पुन्हा अंडी फोडायला घेतली, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. मुलगी आतून म्हणाली, "आई, इट्स नॉट अ तवा!"

मंगळवारपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी तेच केलं. मी मशीन सांगायची, ते पदार्थ सांगायचे. मी म्हटलं, टिनच्या कडेने वारा फिरायला दोन बोटं जागा ठेवा आणि आच वीस अंशांनी कमी करा. ते म्हणाले, मग त्याल आधी जास्त तापवूक होया. मंगळवारी ड्रॉवर उघडला तेव्हा पीठ टिनच्या काठाच्या वर चार बोटं उभं होतं, सोनेरी, कडेने कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि त्यातून सॉसेज डोकावत होते. मी तोंडावर हात ठेवला. मैदा, अंडी, दूध. दुसरं काहीही नाही. एवढं साधं पीठ एवढं उंच जाऊ शकतं हे मला माझ्या इतक्या वर्षांच्या घावनांनी कधी सांगितलं नव्हतं.

आता माझं पाप सांगते.

क्लबातल्या नव्या किचनात वेळ मिळेल न मिळेल म्हणून ह्यांनी बुधवारचं पीठ मंगळवारीच घोटून स्टीलच्या मोठ्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी हे आंघोळीला गेले असताना मी डबा उघडला. पीठ सपाट. एक बुडबुडा नाही. आमच्याकडे सकाळी पीठ असं निपचित दिसलं की घरातली बाई कपाळावर हात मारते, कारण आंबोळ्यांचा सत्यानाश ठरलेला. काल घरी फुगलं ते नशीब असेल, आज मॅडमसमोर नाही फुगलं तर? मी फ्रूट सॉल्टचे दोन चमचे घातले आणि ढवळलं. पीठ लगेच फसफसून वर आलं. माझा जीव भांड्यात पडला. झाकण लावलं आणि काही बोलले नाही. हे डबा घेऊन व्हॅनमध्ये बसले.

मी त्यातलं डावभर पीठ बाजूला काढून ठेवलं होतं. हौसेने ते घरच्या मशीनमध्ये घातलं. पंधरा मिनिटांनी बाहेर काढलं तर तपकिरी, चिकट, मध्ये खड्डा पडलेला गोळा. चाखलं तर साबणासारखी चव.

फोन लावला, पण किचनमध्ये त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात. मग मी अंडी फोडली, दोन्ही हातांनी, कवचं वेचत वेचत. दूध, मैदा, मीठ. गुठळ्या राहिल्या त्या चाळणीने गाळल्या. डबा पिशवीत घातला आणि टॅक्सी केली. समुद्रावरच्या पुलावरून जाताना मी देवाला म्हणत होते की मुलीची शाळा माझ्या दोन चमच्यांनी जाऊ देऊ नकोस.

क्लबच्या मागच्या दाराशी सिक्युरिटीवाल्याने अडवलं. मी म्हटलं, "कुक की बीवी हूँ, बहुत अर्जंट है." त्याने लगेच दार उघडलं. "उस्ताद की बीवी? आइए, आइए." उस्ताद. मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

किचनच्या दारात मी थांबले, आणि पिशवी हातातच राहिली.

पाच-सहा माणसं कामाला लागली होती आणि मध्ये हे उभे होते. घरात दिवा लावायला सांगितला तर चार वेळा विचारणारा माणूस इथे एक शब्द बोलत होता आणि सहा हात हलत होते. चार मशीन एकाच वेळी चालू होती. हे एकेकापाशी जाऊन कान लावायचे. टिनमधलं तेल तापल्याचा आवाज त्या वाऱ्याच्या घरघरीतून ते ऐकत होते! मला घरात फक्त घरघर ऐकू यायची. मान हलवली की एकजण ड्रॉवर ओढायचा, हे एका दमात पीठ ओतायचे, ड्रॉवर बंद. चार मशीन, चार वेळा, एक थेंब बाहेर नाही. मी त्या माणसाबरोबर चोवीस वर्षं राहिले होते आणि त्याला आज पहिल्यांदा बघत होते.

मग त्यांचं लक्ष गेलं. "तू? हयसर?"

मी पिशवी पुढे केली आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. "मी त्येच्यात फ्रूट सॉल्ट घातलंय. सकाळी. ह्या नवीन पीठ हाडलंय."

"माका कळला," ते म्हणाले. "झाकन उघडल्याबरोबर वास इलो. त्येची सगळ्यांका भजी करून घातलंय. नवीन पीठ कधीचा झाला." मग पिशवी माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "आता रडा नको. बघ."

मॅडम हात बांधून मशीनसमोर उभी होती. वीस मिनिटं झाली. ह्यांनी पहिला ड्रॉवर उघडला.

ते पीठ आमच्या घरच्यापेक्षा दुप्पट वर आलं होतं. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच. मॅडमने एक तुकडा तोडला, खाल्ला, पुन्हा एक तोडला. मग तिने विचारलं, हे मशीन तुला शिकवलं कुणी? ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माय वाइफ."

मॅडम माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली की व्हिसाचे पेपर आजच ऑफिसला पाठवते, दोन वर्षांचे. किचनमधल्या पोरांनी "यल्ला उस्ताद" म्हणजे 'चला उस्ताद' म्हणून टाळ्या वाजवल्या आणि ताटं बाहेर जायला लागली.

गर्दी पांगल्यावर हे माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकले. तेव्हा मी पाहिलं की त्यांचा उजवा हात थरथरत होता. चार टिनमध्ये थेंब न सांडता पीठ ओतणारा तो हात आता कोटाला पुसणंही त्यांना जमत नव्हतं.

"भियालात?" मी विचारलं.

"पोरीची शाळा," एवढंच ते म्हणाले.

आमच्याकडे चारचौघांत नवऱ्याचा हात कुणी धरत नाही. आम्ही तर घरातही कधी धरला नसेल. मी त्या किचनमध्ये, सगळ्यांच्या समोर, तो धरला आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही.