पाव फेरी

भागाची लेक सुनंदा हिचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात रिक्षात बसले होते. सिग्नल लागलेला, चहूकडून हॉर्न, आणि त्यात तिचा बारीक आवाज, “मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, ओसरीत बसली, आणि...” पुढचं ऐकूच आलं नाही. सिग्नल सुटल्यावर रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, “हां आपा, किधर लेऊं?” मी म्हणाले, “पडेगाव.” खरं तर मी दातांच्या डॉक्टरकडे निघाले होते. त्याला आता पाच आठवडे झाले. दात अजून तसाच दुखतोय आणि मला अजून अधूनमधून वाटतं की संध्याकाळी भागाला फोन करून हे सांगावं, म्हणजे ती मनसोक्त हसेल.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. आठशे मीटरची एके काळची राज्यविजेती, राष्ट्रीय स्पर्धेतलं रौप्यपदक, मुलींची प्रशिक्षक. सगळं खरं आहे. पण माझ्याजवळ जी भागा आहे ती या चार ओळींत कुठं बसत नाही, आणि तिच्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. पन्नास वर्षं ती मी कुणाला सांगितली नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही.

आम्ही दोघी खुलताबादच्या शाळेतल्या. मी खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याघरची, दोन वेण्या घालून वेळेवर येणारी. ती धनगराची. तिचा बाप डोंगराच्या पल्याड मेंढरं राखायचा आणि ही पहाटे त्याला मदत करून, डोंगर उतरून, धापा न टाकता शाळेत यायची. दाखल्यावर जन्मतारीख लिहायची वेळ आली तेव्हा बाप म्हणाला होता, “निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनला आठ-धा पावसाळे झाले आसतील, तवाची हाय.” आमच्या व्यायामाच्या सरांनी त्यातून एक तारीख शिजवली आणि पुढं आयुष्यभर भागानं तोच आपला वाढदिवस मानला. तिला पहिल्यांदा हेरलं तेही याच सरांनी. प्रार्थनेला उशीर झाला म्हणून तिला मैदानाला पाच फेऱ्या मारायची शिक्षा दिली, तर ही सहावी मारत होती. सरांनी विचारलं, तर म्हणाली, “मोजायचं ध्यानातच नाय ऱ्हायलं सर. बरं वाटत व्हतं.”

शाळेचं मैदान तीनशे मीटरचं होतं. सरांनी दोरीनं मोजून चुन्यानं आखलेलं. पंधराशे मीटर म्हणजे बरोबर पाच फेऱ्या. निंबाच्या झाडाखाली चपला काढायच्या, तिथून सुटायचं आणि पाच फेऱ्या झाल्या की तिथंच येऊन चपला घालायच्या. आमच्यासाठी पळणं म्हणजे एवढंच होतं. अजूनही पहाटे जाग आली की ते मैदान मला दिसतं... धुक्यात अर्धं बुडालेलं, दर्ग्याकडून येणारा ऊद-लोबानाचा मंद वास, पायाखाली गार माती, आणि माझ्यापुढं दहा पावलांवर भागाची पाठ. तिचे पाय वाजायचेच नाहीत. माझेच वाजायचे, आणि कधी कधी तर वाटायचं की मी एकटीच पळतेय आणि पुढं आहे ते नुसतं धुकं आहे. त्या दहा पावलांचा मला फार राग यायचा. कमी व्हायची नाहीत आणि वाढायचीही नाहीत. मी जरा जोर केला की तीही करायची, मागं न बघता.

राज्य स्पर्धेसाठी आम्हाला पुण्याला नेलं तेव्हा आम्ही नववीत होतो. पहिल्या दोघींची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होणार होती. आदल्या संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “कुसुम, तुझं गणित बरं आहे म्हणून तुला सांगतो. इथली फेरी चारशेची. पंधराशेला पावणेचार फेऱ्या होतात. सुटायचं एकीकडे आणि संपायचं दुसरीकडे. भागाला नीट समजावून सांग.” मी गेले. भागा नळावर आपला फ्रॉक पिळत होती. तिनं विचारलं, “उद्या किती गं फेऱ्या?” मी म्हणाले, “चार.”

यात तेव्हा खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगते. कंटाळा होता. पावणेचार कोण समजावत बसणार, सकाळी सांगू, असं वाटलं. पण सकाळी सुटायच्या जागी उभ्या राहिलो आणि भागानं कडेला, अगदी खडूच्या रेघेला लावून, आपल्या चपला नीट जोडीनं काढून ठेवल्या. मी ते पाहिलं. पाहिलं आणि काय होणार आहे ते मला लख्ख कळलं. ती चार फेऱ्या पळणार, या चपलांपर्यंत. शेवटाची रेघ त्याच्या पाव फेरी अलीकडे. पिस्तूलवाल्यानं हात वर करायला अजून वेळ होता. एक वाक्य सहज बोलता आलं असतं. मी गप्प राहिले.

सव्वातीन फेऱ्या ती सगळ्यांच्या पुढं होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात बाकीच्यांनी जीव खाऊन जोर केला, नागपूरची एक उंच मुलगी पुढं गेली, आणि मग मी. मी शेजारून जाताना भागानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. घाई नव्हतीच तिला. तिच्या हिशेबानं अजून पूर्ण वळण बाकी होतं. रेघेवर मी दुसरी, ती तिसरी. आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो, आणि ती आमच्यामधून निघून गेली. तेव्हा कुठं तिनं खरा वेग घेतला. त्या वळणावर ती एकटी पळत होती, उन्हात, केस सुटलेले, आणि गॅलरीतली माणसं आधी हसली आणि मग कशी कोण जाणे गप्प झाली. चपलांपाशी पोचून तिनं दोन्ही हात वर केले. मी चालत तिच्याकडे गेले तर म्हणाली, “तुमी समद्या मधीच का गं थांबल्या?”

सरांनी नंतर तिच्यासमोरच विचारलं, “सांगितलं होतंस ना?” मी म्हणाले, “हो.” भागा पायात चपला सरकवत होती.

त्या निवडीनं माझं भलं झालं. राष्ट्रीय स्पर्धेत मी शेवटून दुसरी आले, पण त्या कागदावर पुढं खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत लागले. भागा पुढच्या वर्षीपासून आठशे मीटर पळायला लागली. मी कारण विचारलं तर म्हणाली, “आठशे बरी. जितनं निघायचं तितंच यायचं.” पन्नास वर्षं मला तो टोमणा वाटला. ती ओळीनं तीन वर्षं राज्यात पहिली आली, रौप्यपदक आणलं, शिबिराला गेली, घोट्याला दुखापत करून परत आली. पडेगावात दिलं तिला. दोन बाळंतपणांनंतर पुन्हा पळायला लागली तेव्हा सासू म्हणाली, “लोकं नावं ठिवतील.” भागा म्हणाली, “ठिवू द्या, मी पुढं गेल्यावर मला ऐकू नाय येत.” त्या वर्षीही ती राज्यात पहिली आली. मग पडेगावच्या माळावर तिनं स्वतः मैदान आखलं आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुली जमवल्या. सणावाराला आमची गाठ पडायची. तिच्या घरी बाजरीची भाकरी खाताना दर वेळी ते वाक्य माझ्या घशाशी यायचं आणि दर वेळी मी घासाबरोबर गिळायचे.

ती जायच्या आठच दिवस आधी मी तिला भेटले. हृदयाचं दुखणं होतं, सावकाश बोलायची. ओसरीत दोघीच होतो, ऊन उतरत होतं. मी एकदाचं सांगून टाकलं. चार का म्हणाले, चपला पाहिल्या आणि तोंड का मिटून घेतलं, सगळं. सांगताना मला रडू आलं. म्हणाले, तुझी जागा घेतली गं मी.

भागानं समोरच्या माळाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला म्हाईत हाय. तू सरांला व्हय म्हणलीस तवाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“लई राग आला व्हता. दोन सालं तुझ्याशी मनातनं बोलले नाय मी.” ती थांबली. श्वास गोळा करून पुढं म्हणाली, “पर कुसुम, त्या वळणाला माझ्याम्होरं कुनी नव्हतं. मागं पाय वाजत नव्हते. मला वाटलं, मीच पहिली. तसं पळणं पुना कदी नाय घडलं बघ. पदक आलं तवा बी नाय... ती पाव फेरी मी कुनाला दिली नसती.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “डोळे पूस आन् च्या घे. निवलाय.”

परवा मी पडेगावला गेले. सुनंदा आता मुलींना शिकवते. भागानं त्या मैदानावर एक रीत घातली होती आणि मी ती कितीदा पाहूनही मला तिचा अर्थ कळला नव्हता. तिथं मुली चपला रेघेवर काढत नाहीत. रेघेच्या पाव फेरी पुढं, बाभळीखाली काढतात. शर्यत रेघेवर संपते, वेळही तिथंच मोजतात, पण पळणं तिथं संपत नाही. पहिली असो की शेवटची, आपली पाळी आली की तिनं रेघेपासून पुढं बाभळीपर्यंत एकटीनं पळायचं आणि ती पोचेपर्यंत दुसरीनं निघायचं नाही.

मुली गेल्या. बाभळीखाली एक जोड तेवढा राहिला होता, भागाचा, तळव्यांची खूण पडलेला. सुनंदा म्हणाली, उचलायचं मन होत नाही. मी माझ्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या आणि पार रेघेपर्यंत मागं चालत गेले. तिथून निघाले. गुडघे कुरकुरत होते, पळणं कसलं, भरभर चालणंच ते. वळणाच्या मध्यावर मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते. मी उभी राहिले. मागून सुनंदानं हाक मारली, “मावशी, मधीच का थांबल्या?”

मी डोळे पुसले आणि निघाले. पुढं कुणाची पाठ नव्हती.