चार बोटं लाल भुकटी

क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. तिच्यात महिलांच्या क्ले कोर्ट टेनिस स्पर्धेला एक पान होतं. पानाचं शेवटचं वाक्य असं : ‘कोर्टची देखभाल नीट न राहिल्याने ही स्पर्धा एकोणिसाव्या वर्षी बंद पडली.’

देखभाल म्हणजे रोलरबाई. एकोणीसच्या एकोणीस वर्षं ती एकटीच होती.

नाव खेळाडूंनी पाडलेलं. सकाळी पाणी, मग रोलर, मग जाळी ओढून वरची लाल भुकटी सारखी करायची, शेवटी रेषा झाडायच्या. चेंडू आत की बाहेर असा वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून मातीतला ठसा बघत. ठसा स्वच्छ उमटला की रोलरबाई समजे, पाणी बरोबर बसलंय.

छापण्याआधी वाक्य काढा, हे सांगायला ती चार वेळा कचेरीत गेली. पहिल्यांदा चिटणीस जेवायला गेले होते. दुसऱ्यांदाही जेवायलाच. तिसऱ्यांदा भेटले, म्हणाले, अर्ज द्या. चौथ्यांदा अर्ज सापडेना.

“आई, सोडा ना आता,” सून म्हणाली. “कोण वाचणार आहे ते?”

“कोणी वाचणार नाही, तर माझ्याच डोक्यावर खापर कशाला?”

घडलं होतं ते वेगळंच. शेवटच्या वर्षी सामने टीव्हीवर दिसणार होते आणि तेव्हाच्या अध्यक्षांना कोर्ट फिकट वाटलं. त्यांनी विटांच्या भुकटीचे दोन ट्रक मागवले. ही भुकटी वर नखाएवढी पुरते. चेंडू उसळतो तो खालच्या घट्ट चुनखडीवर. रोलरबाईने तसं सांगितलं. “बाई, टेनिस आम्हाला शिकवू नका,” अध्यक्ष म्हणाले. पडद्यावर कोर्ट टोमॅटोसारखं लालबुंद दिसलं. पहिल्याच दिवशी चेंडू जागच्या जागी बसू लागले, दोघी खेळाडूंचे घोटे मुरगळले. टेनिस संघटनेच्या पुढच्या वर्षीच्या यादीतून स्पर्धा गेली.

पाचव्यांदा रोलरबाई खुरपं घेऊन गेली. एक नंबरच्या कोर्टवर आता गाड्या लावतात. चिटणीस गाडीतून उतरत होते, तोवर ही चाकाशेजारी बसून खणायला लागलीसुद्धा.

“अहो मावशी, टायर!”

“टायरला काय धाड भरलीय! इकडे या. बोटं घाला.”

“कुठे?”

“खड्ड्यात. घाला म्हणते ना!”

चिटणिसांनी आजूबाजूला पाहिलं, मग वाकून बोटं घातली. इतकी वर्षं गाड्यांखाली दबूनही चार बोटं लाल भुकटी होती. त्याखाली पांढरा थर, अजून दगडासारखा.

“हा पांढरा माझा,” रोलरबाई म्हणाली. “लाल तुमच्या अध्यक्षांचा. आता लिहा, देखभाल कुणाची बिघडली ते.”

चिटणिसांनी हात झटकले. “मावशी, तुमचं पटलं. पण ते माझे सासरे आहेत हो.”

“मग ते घरी निस्तरा. माझ्यावर कशाला ढकलता?”

स्मरणिका निघाली. रोलरबाईने सुनेला ते पान मोठ्याने वाचायला लावलं. शेवटचं वाक्य बदललं होतं : ‘काही कारणाने ही स्पर्धा एकोणिसाव्या वर्षी बंद पडली.’

“सुटलात की, आई.”

“काही कारणाने म्हणे!” रोलरबाई म्हणाली. “ते कारण धडधाकट आहे, ऐंशीचं झालंय, रोज सकाळी गच्चीत फेऱ्या मारतं. फोटोच छापायचा होता!”